मिशी झाका, मग ओळखा

मागच्या अंकात माझ्या कपाटातल्या कुस्तीच्या फिगर्सबद्दल, म्हणजे टीव्हीवरच्या डब्ल्यूडब्ल्यूई पैलवानांच्या प्लॅस्टिकच्या छोट्या पुतळ्यांबद्दल, दोन पानं लिहिली होती. वाटलं, चार पत्रं येतील आणि त्यातली दोन "या वयात हे काय खूळ" अशी असतील. आली एकतीस. खूळ म्हणणारं एकच निघालं, ते माझ्या सख्ख्या नणंदेचं. ते वगळून बाकीच्यांतली काही इथे घेते आहे.

ज्यांच्या हाती तो अंक लागला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मी मूळची पेणची. काकांचा गणपतीचा कारखाना होता, त्यामुळे बाराव्या वर्षापासून आखणीला, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायला बसत होते. पुढे बँकेत नोकरी केली, आता निवृत्त होऊन डोंबिवलीत असते. घरात नवरा, एक मांजर आणि टीव्हीवरचे दोनशे अकरा पैलवान आहेत. पैलवान सगळे वीतभराहून थोडे बुटके.

ताई, मी अंडरटेकरची एलिट, म्हणजे महागातली, फिगर घेतली. मला हुबेहूब वाटते, पण होस्टेलवरचे मित्र म्हणतात हा तर ट्रक ड्रायव्हर आहे. चेहरा जमलाय की नाही, हे ठरवायचं कसं?
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, सातारा

आधी सांगा, कुठल्या सालचा अंडरटेकर? हा प्रश्न न विचारता जो चेहऱ्यावर मत देतो, त्याचं मत कानामागे टाकावं. नोव्हेंबर १९९० मध्ये तो पहिल्यांदा आला तेव्हा केस लालसर, तोंड पांढरंफटक, हातात राखाडी मोजे. १९९४ मध्ये परतला तो जांभळे मोजे घालून. २००० साली मोटारसायकलवर बसून आला, डोक्याला रुमाल बांधलेला, आणि त्या काळातला तो खरोखरच ट्रक ड्रायव्हर दिसायचा! तुमची फिगर त्या सालातली असेल तर मित्रांनी नकळत शाबासकीच दिली आहे. २००४ मध्ये पुन्हा काळा कोट, २०१२ मध्ये केस भादरलेले. तीस वर्षं एक माणूस, आणि चेहरे निदान पाच. तुमच्या डोक्यात लहानपणी टेन स्पोर्ट्सवर पाहिलेला एक असणार, मित्रांच्या डोक्यात दुसरा.

आता माझी रीत सांगते. ओळखीची जी खूण आहे ती अंगठ्यानं झाकायची. हल्क होगनची मिशी झाका. रँडी सॅव्हेजचा गॉगल झाका. अंडरटेकरची टोपी काढा, दोन्ही बाजूंची केसांची झुलपं बोटांनी मागे धरा. आता जो उरला त्याला ओळखता का? मिशी, टोपी, गॉगल, कपाळावरची बट ही सगळी सोंगाची सामग्री झाली. गावात दशावतारी नाटकात गदा दिसली की भीम, तसंच हे. चेहरा त्याच्या खाली असतो: दोन डोळ्यांतलं अंतर, नाकाच्या बुडापासून वरच्या ओठापर्यंतची जागा, जबड्याचा कोन. अंडरटेकरच्या बाबतीत मी आधी नाक बघते, मग डोळे किती आत गेलेत ते बघते. नाक लांब आणि डोळे खोबणीत हवेत. डोळे वर आले की तो झोपेतून उठलेला कारकून दिसतो.

दुसरं, फिगर नाकाशी धरून बघू नका. तुम्ही या माणसाला कधी चार बोटांवरून पाहिलंय? हातभर लांब धरा, आणि तुमच्या डोळ्यांच्या किंचित वर. रिंगणाच्या कडेला उभा असलेला कॅमेरा खालून वर बघतो, आपल्या मनातला चेहरा त्या कोनातला आहे. मोबाइल अगदी जवळ नेऊन काढलेल्या फोटोवरून तर अजिबात ठरवू नका, जवळच्या भिंगात नाक फुगतं आणि कान मागे पळतात. सेल्फीत आपलं होतं तेच.

आणि मित्रांना फार बोलू नका. १९९६ साली 'खिलाड़ियों का खिलाड़ी' पाहताना अक्षय कुमार अंडरटेकरला उचलतो म्हणून आमच्या अख्ख्या थिएटरानं शिट्ट्या मारल्या होत्या. तो अंडरटेकर नव्हताच. ब्रायन ली नावाचा दुसरा पैलवान होता, ज्याला १९९४ च्या समरस्लॅम या मोठ्या कार्यक्रमात खुद्द कुस्तीच्या कंपनीनंच खोटा अंडरटेकर म्हणून खऱ्यासमोर उभं केलं होतं. लांब केस, काळे कपडे, उंची, बस्स. सोंगाची सामग्री पुरली. मी तर आखणी करणारी, चेहऱ्याची पारख असलेली, आणि शिट्टी येत नाही म्हणून टाळ्या वाजवत होते.

मॅडम, एकाच पैलवानाच्या दोन सारख्या फिगर्स आम्ही दोघा भावांनी घेतल्या. माझा एकदम जिवंत वाटतो, भावाचा तिरळा. साचा एकच असेल ना?
— नागपूर

साचा एकच आहे. फरक आखणीचा आहे, आणि हे तुम्ही विचारलंत म्हणून मला फार बरं वाटलं. लोक सरसकट "चेहरा बिघडलाय" म्हणतात आणि शिव्या बसतात मूर्तिकाराला. त्यानं बिचाऱ्यानं काम चोख केलेलं असतं.

जरा हिशोब करू. या फिगर्स साधारण एकास बारा या प्रमाणात असतात, म्हणजे सहा फुटी माणूस सहा इंचांचा. खऱ्या माणसाच्या डोळ्यातलं बुबुळ बारा मिलिमीटरच्या आसपास असतं, म्हणजे फिगरचं झालं एक मिलिमीटर. मोहरीच्या दाण्याहूनही लहान. त्यात बाहुली, तिच्यात पांढरा ठिपका, वरून पापणीची सावली. हे सगळं पाव मिलिमीटर डावीकडे सरकलं, तर खऱ्या चेहऱ्यावर बुबुळ तीन मिलिमीटर सरकल्यासारखं. आरशासमोर उभं राहून कल्पना करा, माणूस लगेच चकणा दिसतो.

पूर्वी डोळे ठशानं उमटवायचे: शाई लागलेला सिलिकॉनचा मऊ गोळा चेहऱ्यावर दाबायचा, प्रत्येक रंगाला वेगळा ठसा. त्यामुळे भुवया तपकिरी, बुबुळं निळी, ओठ गुलाबी, सगळे सपाट रंग आणि जरा दचकलेली नजर. गेल्या काही वर्षांत मॅटेल, म्हणजे या फिगर्स बनवणारी कंपनी, चेहऱ्याची छपाई डिजिटल पद्धतीनं करते. ट्रू एफएक्स म्हणतात तिला. भिंगातून पाहिलंत तर बारीक बारीक ठिपके दिसतील, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे. त्या ठिपक्यांमुळे खुरटी दाढी, डोळ्यांखालचं काळं, गालावरची लाली, सगळं येतं. मात्र डोकं यंत्रात किंचित वाकडं बसलं की अख्खा चेहराच सरकतो. भावाच्या फिगरमध्ये बघा, भुवयासुद्धा उंचवट्यावरून घसरल्या असतील, आणि खालचा ओठ अर्धा हनुवटीवर आला असेल. तसं असेल तर निदान पक्कं.

आमच्या कारखान्यात आखणी सगळ्यात शेवटी व्हायची, आणि ते काम कुणालाही मिळायचं नाही. काका पहाटे, लाईट जायच्या आत, एकटे बसायचे. मोठ्या मूर्तीच्या डोळ्याची वरची रेघ एका श्वासात ओढायची, मध्ये थांबलात की रेघेला गाठ येते. पहिल्या वर्षी मला फक्त उंदरांचे डोळे मिळाले होते. दीडशे उंदीर.

तिरळ्या फिगरवर घरगुती इलाज नाही. पुढच्या वेळी दुकानात हुकाला टांगलेली सगळी पाकिटं काढून बघा, दुकानदार वैतागला तरी. ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडून प्रत्यक्ष त्याच नगाचा फोटो मागवा. पाकिटावरच्या छापील चित्रावर जाऊ नका, ते लग्नाच्या स्थळाच्या फोटोसारखं असतं.

माझा अकरा वर्षांचा मुलगा रोमन रेन्सच्या फिगरसाठी हट्ट धरून बसलाय. अडीच हजार! जत्रेत पाच पैलवानांचं पाकीट दोनशेला मिळतं. इतका फरक का?
— ठाणे

बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० च्या फेब्रुवारीत २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० झालं. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला. परवान्याचे पैसे वेगळे, कारण चेहरा वापरायचे पैसे मोजावे लागतात. म्हणून अडीच हजार.

जत्रेतल्या पाकिटाविषयी माझ्या मनात खरं तर माया आहे. जॉन सिनाचं डोकं खलीच्या धडावर, पॅन्ट रे मिस्टेरिओची, आणि पाचही जणांना एकच भुवया. माझ्याकडे तसे सहा आहेत, वेगळ्या खणात. पण मूल लहान असेल तर तो स्वस्त रंग आणि वास मारणारं प्लॅस्टिक तोंडात जाऊ देऊ नका. अकरा वर्षांचा तोंडात घालणार नाही म्हणा. त्याला सांगा, वाढदिवसाला एक, आणि कुठली ती त्यानं निवडायची. एलिटऐवजी बेसिक घेतलीत तर कमी पैशांत भागेल. तिथे सांधे कमी असतात आणि अंगावरची सामग्री जवळजवळ नसते. डोकं मात्र कित्येकदा तेच. एकदा साचा पडला की कंपनी तो चेहरा दहा-दहा फिगर्सवर चढवते.

बाई, लिहिता छान, पण ही कसली कुस्ती? ठरवून पडायचं न् ठरवून उठायचं. माझी उभी हयात लाल मातीत गेली. आमच्या खाशाबांची बाहुली का निघत नाही?
— कोल्हापूर

काका, नमस्कार. ठरवून पडतात हे आता कुणी लपवत नाही. १९८९ साली न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे डब्ल्यूडब्ल्यूएफनं, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईनं, स्वतःच सांगितलं की ही स्पर्धा नाही, करमणूक आहे. क्रीडा नियमांच्या आणि करांच्या कटकटीतून सुटायचं होतं. त्यामुळे आपलं भांडण तिथेच मिटलं. मीही खासबागेत एकदा कुस्ती पाहिली आहे, दोन्हींची तुलना करायचं माझ्या मनातही येत नाही. मला चेहरे जमवायचे असतात.

आणि चेहऱ्यावरून तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. तालमीतला माणूस तुम्ही कशावरून ओळखता? कानावरून. मोडलेला, गाठाळलेला, बंद मुठीसारखा कान. या फिगर्समध्ये नेमका कानच चुकतो. कर्ट अँगल अटलांटाला १९९६ मध्ये १०० किलो गटात ऑलिम्पिक सुवर्णपदक मिळवलेला, ब्रॉक लेस्नर २००० साली अमेरिकेतल्या कॉलेज कुस्तीचा विजेता. ही खरी मॅटवरची माणसं. फिगर बघाल तर कान बहुधा शाळकरी पोरासारखे, गुळगुळीत. कानाच्या घड्या ही साच्याला डोकेदुखी असते, डोकं साच्यातून सुटताना अडकतं, म्हणून कारागीर त्या बुजवतो. मिक फोलीचा उजवा कान तर १९९४ मध्ये म्युनिकला दोरांत अडकून बराचसा गेला. त्याच्या नंतरच्या सालातल्या फिगरला दोन धडधाकट कान दिसले, तर मी ती खाली ठेवते.

खाशाबांचं म्हणाल, तर या कंपन्या ज्याच्याशी करार आहे त्याचीच फिगर काढतात, तेव्हा त्यांच्याकडून आशा नाही. दारासिंगांना २०१८ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं, ते आपले त्यातल्या त्यात जवळचे. पण गोळेश्वरच्या त्या माणसाची, १९५२ ला हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आलेल्याची, सहा इंची फिगर कुणी मराठी मूर्तिकारानं काढली तर मी पहिली गिऱ्हाईक. फक्त त्याला आधी तुमच्याकडे पाठवीन. तुम्ही कान बघून द्या, डोळ्यांचं मी बघते.

मामानं मस्कतहून आणलेला हॅस्ब्रोचा हल्क होगन अजून माझ्याकडे आहे. नाक आणि मिशी घासून पार गेली. रंगवू का?
— म्हापसा

नको. का नको ते सांगते, जरा लांबेल.

१९९३ किंवा ९४ ची गोष्ट. माझ्या धाकट्या भावाला आतेभावानं दुबईहून अल्टिमेट वॉरियर आणून दिला. हॅस्ब्रोच्या त्या फिगर्स १९९० ते ९४ या काळातल्या, साडेचार इंचांच्या, आतमध्ये स्प्रिंग. हात दाबून सोडला की फटका. चेहरे व्यंगचित्रासारखे, पण काय गोड! वॉरियरच्या डोळ्यांभोवती रंगीत पट्टे होते. भाऊ त्याला घेऊन आंघोळ करायचा, मातीत पुरायचा, खिशात घालून शाळेत न्यायचा. वर्षभरात पट्टे गेले, डोळे गेले, राहिला गुलाबी बटाटा.

भाऊ रडायला लागला तेव्हा मी म्हटलं, आण इकडे. मी आखणी करणारी मुलगी! कारखान्यातला शून्य नंबरचा ब्रश घेतला, घरातला ऑइलपेंट घेतला. आधी जुना रंग साफ करायला म्हणून नेलपॉलिश काढायचं औषध चोळलं. डोक्याला फार काही झालं नाही, ते मऊ प्लॅस्टिकचं असतं. पण एक थेंब छातीवर ओघळला आणि तिथलं कडक प्लॅस्टिक विरघळून बोटाचा ठसा उमटला, तो आजही आहे. मग श्वास रोखून डोळे काढले. वरची रेघ एका दमात. कोपऱ्यात किंचित लाली. बुबुळ अर्धं पापणीखाली.

भावानं बघितलं आणि म्हणाला, "ताई, हा तर गणपती झाला."

झालाच होता. हाताला दुसरा डोळाच माहीत नव्हता. अंगानं दंडाला फिती बांधलेला वॉरियर, आणि चेहऱ्यावर ते शांत, लांबट, कमळाच्या पाकळीसारखे डोळे. स्प्रिंग दाबली की आशीर्वाद दिल्यासारखा हात यायचा. भाऊ आता पंचेचाळिशीकडे आला तरी तो वॉरियर मागतो, मी देत नाही. माझ्या कपाटात सगळ्यात वरच्या खणात आहे.

तर म्हापसेकर, तुमच्या होगनची मिशी घासली आहे ती तुमच्याच हातांनी. साध्या साबणाच्या कोमट पाण्यानं धुवा, मऊ टूथब्रश वापरा, पुसून पंख्याखाली वाळवा, कारण स्प्रिंगमध्ये पाणी राहिलं तर गंजते. उन्हात ठेवू नका. तुमच्याकडच्या दमट हवेत जुनं मऊ प्लॅस्टिक चिकट होतं, तेव्हा हवाबंद पिशवीत कोंडूनही ठेवू नका. अगदी रंगवायचाच असेल तर बाजारातून दुसरा मोडका आणून त्याच्यावर हात बसवा.

खलीचा चेहरा कुणालाच का जमत नाही?
— जळगाव

जमवायचा फार प्रयत्न करतात, म्हणून. दलीपसिंग राणाचा जबडा, कपाळाचं हाड, ही मेंदूतल्या ग्रंथीच्या गाठीमुळे झालेली वाढ आहे. २०१२ मध्ये त्याचं ऑपरेशनही झालं. चेहरा मुळातच मोठ्या ठळक रेषांचा. मूर्तिकाराला मोह होतो की आणखी थोडं वाढवू, आणि राक्षस तयार होतो. किंवा उलट, भीड वाटते, मग तो घासून गुळगुळीत करतो आणि कुणीतरी मोठा माणूस एवढंच उरतं. २००७ च्या जुलैत त्यानं वर्ल्ड हेवीवेट पट्टा जिंकला तेव्हाचे फोटो काढून बघा. डोळे लहान आणि चक्क भाबडे आहेत. तो भाबडेपणा मला आजवर एकाही फिगरमध्ये दिसलेला नाही.

उंचीही तपासा. सात फूट एक इंच, म्हणजे एकास बाराच्या हिशोबानं अठरा सेंटिमीटर हवा. पट्टी लावा. बरेचदा खांदे रुंद करून उंचीत काटकसर केलेली असते.

मावशी, बायकांच्या फिगर्सचे चेहरे सगळे एकसारखे का असतात? मला बेकी लिंच आवडते.
— इयत्ता नववी, सांगली

कारण करणाऱ्याला वाटतं, बाईच्या चेहऱ्यावर रेघ पडली की ती रागावेल. पुरुषाच्या कपाळावर तीन आठ्या, नाकापासून ओठापर्यंत दोन खोल घड्या, एवढ्यावर निम्मं काम होऊन जातं. बाईचे गाल मात्र अंड्यासारखे गुळगुळीत ठेवायचे, म्हटल्यावर उरतं काय? भुवया, डोळ्यांचा रंग, ओठांचा रंग. आणि लिपस्टिक जरा गडद झाली की सगळ्या जावा-जावा दिसतात. पूर्वीच्या मालिकांमध्ये तर फक्त केस बदलायचे.

तू बेकीची ओरडणारी फिगर शोध. तोंड उघडलं की गाल वर जातात, डोळे बारीक होतात, नाकपुड्या फुगतात, कारागिराला रेघा काढाव्याच लागतात. चायना नावाच्या पैलवान बाईच्या फिगर्ससुद्धा बघ. तुझ्या जन्माच्या आधीची आहे ती, पण तिचा जबडा चौकोनी होता आणि काही ठिकाणी तो प्रामाणिकपणे चौकोनी काढलाय.

गराज सेलमध्ये आठ इंची, भरीव रबराचा आंद्रे द जायंट मिळाला, दोन डॉलरला. हात-पाय हलत नाहीत. हा काय प्रकार?
— एडिसन, न्यू जर्सी

एलजेएन कंपनीचा. १९८४ ते ८९ या काळात निघत. सांधे नाहीत, आहे तसाच उभा. आणि म्हणूनच माझ्या मते त्या काळातले चेहरे इतके चांगले आहेत! आठ इंचांत चेहऱ्याला जागा मिळते, आणि मान हलवायची नसल्यामुळे मूर्तिकारानं डोकं खांद्यांत जसं हवं तसं रोवलंय. नाकाच्या शेंड्याचा आणि केसांचा रंग गेला असेल, तो सगळ्यांचाच जातो. दोन डॉलर कुणाला सांगू नका. पुढच्या खेपेला भारतात याल तेव्हा डोंबिवलीत चहाला या, त्याला घेऊन.

माळा साफ करताना एक नुसतं डोकं सापडलं. टक्कल, हनुवटीला बोकडदाढी, मुलाच्या लहानपणचं असावं. फोटो पाठवते आहे. हा कोण?
— रत्नागिरी

तुमचा फोटो मी तीन दिवस टेबलावर ठेवला होता. टक्कल आणि बोकडदाढी म्हणजे दोनच उमेदवार, स्टोन कोल्ड स्टीव्ह ऑस्टिन किंवा गोल्डबर्ग, आणि टकलाचे चेहरे पारखायला सगळ्यात अवघड. झाकायला काही नसतं. मिशी झाकावी तर दाढी राहते, दाढी झाकावी तर उकडलेलं अंडं.

मी भुवयांकडे बघितलं. गोल्डबर्गचं भुवईवरचं हाड जड, पुढे आलेलं, डोळे त्याच्या सावलीत. ऑस्टिनचं कपाळ उतरतं, डोळे निळे, आणि एक भुवई वेडीवाकडी, कारण तो सतत कुणावर तरी उखडलेला असतो. तुमच्या डोक्याचे डोळे पुसले गेलेत, म्हणजे मुलानं मनापासून खेळलंय. खाली मानेत भोक आहे, ते चौकोनी की गोल तेवढं फोटोत नीट येत नाही. मी ऑस्टिन म्हणेन, रुपयात बारा आणे.

बाकीचे चार आणे धडावर आहेत. दोन्ही गुडघ्यांना काळे पट्टे असतील तर ऑस्टिन. पाठीवर बारीक अक्षरांत टायटन स्पोर्ट्स असं कोरलेलं असलं तर नक्कीच ऑस्टिन. ते डब्ल्यूडब्ल्यूएफ चालवणाऱ्या कंपनीचं जुनं नाव, १९९९ च्या आधीचं, आणि गोल्डबर्ग तेव्हा दुसऱ्या कंपनीत होता, यांच्याकडे आला २००३ मध्ये. तिथे दिसणारं साल हक्कांचं असतं, फिगर बनल्याचं नाही, त्यावर जाऊ नका.

मुलाला फोन करून विचारलंत का? तो बंगळुरूला असतो असं लिहिलंय तुम्ही. त्याला फोटो पाठवा, डोकं कुणाचं ते विचारू नका, धड कुठे पुरलं होतं तेवढं विचारा.